बोंबील काढता, तं मांगूर कसा ठेवता? एका मामा तलावाच्या डीएनए यादीचं प्रकरण

तलावात बंदी असलेला मासा आहे असं एका कच्च्या यादीत आलं, आणि ती यादी जशीच्या तशी पुढं गेली असती तं गोंदिया जिल्ह्यातल्या एका मच्छीमार संस्थेचा ठेका अडचणीत आला असता. प्रकरण एवढंच. पण मी तालुक्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवतो आणि दरवर्षी पोरं-पोरी येऊन विचारतात, सर बायोइन्फॉर्मेटिक्स (म्हणजे कॉम्प्युटरवर डीएनएचा डेटा वाचायचं शास्त्र) घेतलं तं पुढं काय करावं लागते, कॉम्प्युटरसमोरच बसायचं असते ना, ऊन-चिखल काही नाही ना, तं म्हटलं दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा हे एकदा लिहूनच टाकावं. जिचं प्रकरण आहे ती आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. नाव टाकू नका म्हणाली म्हणून टाकत नाही, गावाचं आणि संस्थेचंही नाही. इथून पुढं नुसतं 'ताई' लिहितो, गावात तिच्याहून मोठी माणसंही तेच म्हणतात.

आधी तलाव समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. १९५०-५१ ला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, म्हणून कागदावर माजी मालगुजारी आणि बोलताना मामा तलाव. लहान तलाव झेडपीकडे, मोठे पाटबंधारेकडे. पाणी धानाच्या बांध्यांना जाते आणि मासे ठेक्यानं ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना. संस्था रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडते, पैसा त्याच्यात आहे, पण घरी खायला आणि बाजारात चांगला भाव मिळवायला मरळ, शिंगी, मांगूर हे आपले जुने मासे, जे कोणी सोडत नाही, आपोआप येतात. म्हणजे यायचे. आता कमी झालेत हे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलेलं कोणीही सांगेल, किती कमी झालेत हे मात्र कोणी मोजलेलं नाही.

मोजायला म्हणूनच ताई नागपूरच्या ज्या संशोधन संस्थेत होती तिनं प्रोजेक्ट घेतला होता. ताईचा प्रवास थोडक्यात सांगतो. बीएस्सी आमच्याकडे, मग पुण्याला एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्स. पुणे विद्यापीठातलं ते सेंटर १९८७ पासूनचं, देशातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी. पहिल्या सेमिस्टरला काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची म्हटली की हात थरथरायचा म्हणे, गावात कॉम्प्युटर पाहिला होता तो फक्त महा-ई-सेवा केंद्रात दाखला काढताना. पीएचडी मातीतल्या जिवाणूंच्या जीनोमवर, मग बाहेरदेशी पोस्टडॉक, तिथं पाण्यातल्या डीएनएवरून माशांच्या जाती ओळखायचं काम. माणसाच्या जीनोमचा प्रकल्प १९९० ला सुरू झाला आणि २००३ ला संपला, त्यानंतर सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, असं काही स्वस्त झालं की डेटा काढणारे ढीगभर आणि वाचणारे थोडे अशी अवस्था झाली, आणि ताईसारख्यांची पिढी त्याच खिंडीतून आत शिरली. तिचे पेपर सगळे पद्धतीवरचे, कोणता प्रोग्राम कुठं चुकतो, डेटातला गोंधळ (नॉइज) कसा गाळायचा, वगैरे. एवढ्या वर्षांत एकही मासा हातात धरला नव्हता, हे तीच हसत सांगते, आणि मासे खाणाऱ्या घरातली पोरगी!

मग नागपूरला त्या संशोधन संस्थेत प्रोजेक्ट सायंटिस्ट म्हणून आली. कॉन्ट्रॅक्टवर. हे 'कॉन्ट्रॅक्टवर' ध्यानात ठेवा.

आता पद्धत. मासा पाण्यात राहतो तेव्हा त्याचा चिकटा, विष्ठा, खवले, पेशी पाण्यात सुटत राहतात, त्यात डीएनए असतो. पाणी बारीक फिल्टरमधून ओढायचं, फिल्टरवर जे अडकलं त्यातून डीएनए काढायचा आणि माशांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाघरातल्या) १२एस नावाच्या जीनचा एक छोटा तुकडा वाढवून वाचायचा. त्यासाठी जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मायफिश नावाचे प्रायमर (हवा तो तुकडा दोन्ही टोकांना पकडणारे डीएनएचे बारीक तुकडे) दिले, वाचायचा तुकडा साधारण १७० अक्षरांचा. जाळं टाकायची गरज नाही, मासा मारायची गरज नाही. कागदावर लई सुंदर. आमच्या तलावात काय होते तं फिल्टर शंभर-दोनशे मिलीलिटरलाच चोंदतो, गाळ आणि हिरवं शेवाळ, पांढरा कागद बघता बघता शेणकाल्यासारखा होतो आणि पंप नुसता कण्हत राहतो. एका लिटरासाठी तीन-चार फिल्टर बदलायचे, प्रत्येक वेळी नवीन ग्लोव्हज, चिमटा ब्लीचमध्ये बुडवून पुसायचा. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्याच घाटावर बसून घरून आणलेलं शुद्ध पाणीही तसंच फिल्टर करायचं. त्याला ब्लँक म्हणतात. त्यात मासा निघाला तं समजायचं घाण आपल्याच हातातून आली. पोरांनो, प्रोजेक्टमध्ये ब्लँक टाळू नका, या प्रकरणात पुढं सगळं त्यावरच टिकलं.

सॅम्पल बाहेर सीक्वेन्सिंगला गेले, फाइली आल्या, ताईनं नेहमीचं काम केलं. प्रायमर कापले, खराब अक्षरं गाळली, चुकीनं जोडलेले तुकडे फेकले, उरलेले वेगवेगळे तुकडे डेटाबेसशी ताडून पाहिले. हे ताडून पाहायचं काम करणारा ब्लास्ट प्रोग्राम १९९० चा, अजून सगळे वापरतात. शेवटी एक्सेलमध्ये यादी: तुकडा, जवळचं नाव, किती टक्के जुळलं.

यादीत रोहू, कटला, मृगळ, मरळ हे अपेक्षितच. माणूस, कोंबडी आणि बकरी पण निघाले, ते या प्रायमरला निघतातच, त्यात नवल नाही. क्लॅरियस बॅट्रॅकस, म्हणजे पुस्तकातला आपला देशी मांगूर, निघाला. त्याच्या खाली क्लॅरियस गॅरिपिनस, शंभर टक्के जुळलेला. आणि अजून दोन ओळी खाली, गोंदिया जिल्ह्यातल्या तलावात, समुद्रापासून एवढ्या लांब, बोंबील!

बोंबलावर ऑफिसात लोक पोट धरून हसले. गॅरिपिनसवर कोणी हसलं नाही, कारण तो म्हणजे आफ्रिकन मांगूर, बाजारात ज्याला थाई मांगूर किंवा हायब्रीड मांगूर म्हणतात तो. झपाट्यानं वाढतो, काहीही खातो, कोंबडीची आतडी टाकून पोसतात, तलावातले बाकी मासे संपवतो. देशात २००० पासून त्याच्या पालनावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानंही पुढं कडक आदेश दिले आणि महाराष्ट्रात तळीच्या तळी नष्ट केली गेली. म्हणजे कोण्या मच्छीमार संस्थेच्या तलावात हा मासा आहे असं सरकारी पैशातून झालेल्या रिपोर्टात छापून आलं, की पुढं तुम्ही कितीही सांगा आम्ही सोडला नाही, कोण ऐकणार? ठेका कोणाला द्यायचा यावर आधीच गावात दोन पार्ट्या. रिपोर्ट फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरायला एक तास पुरे.

ताईच्या वरिष्ठांचं म्हणणं सोपं होतं. बोंबील उघड उघड घाण आहे, काढून टाका. बाकी यादी पक्की आहे, शंभर टक्के जुळलेलं आहे, पेपर लिहायला घ्या. शीर्षकही तयार होतं, पूर्व विदर्भातल्या तलावांत बंदी असलेल्या आक्रमक माशाची पहिली नोंद, अशा धाटणीचं. असा पेपर लागतो, बातमी होते, पुढचा प्रोजेक्ट मिळतो. आणि खरं सांगायचं तं ते माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की लवकर सांगितलं तं तलाव वाचेल.

ताईनं मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारला. सर, बोंबील काढता तं मांगूर कोणत्या नियमानं ठेवता?

म्हणजे बघा, दोन्ही ओळी एकाच घाटाच्या सॅम्पलमधल्या, दोघांचीही जुळणी शंभर टक्के. ब्लँक कोरा, म्हणजे बोंबील लॅबमधून आलेला नाही, तलावाच्या पाण्यातच होता. बोंबील अशक्य वाटते म्हणून काढला आणि मांगूर शक्य वाटते म्हणून ठेवला, तं मग डेटा काय सांगून राह्यला हा प्रश्नच उरला नाही, आपल्याला आधीपासून जे वाटते तेच छापणं झालं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं संशोधन या एका वाक्यात होतं, बाकी पुढचे महिने त्याची हमाली.

बॅट्रॅकसचा घोळ

आधी ती वरची, निरुपद्रवी दिसणारी ओळ. आपला देशी मांगूर पुस्तकांत, आमच्या सिलॅबसमध्ये सुद्धा, वर्षानुवर्षं क्लॅरियस बॅट्रॅकस म्हणून शिकवला. पण २००८ मध्ये एंग आणि कोटेलाट या दोघांनी जुने नमुने तपासून दाखवलं की लिनियसनं १७५८ मध्ये ज्याला ते नाव दिलं तो मासा जावाकडचा. भारतातला मांगूर वेगळा, त्याला हॅमिल्टननं १८२२ मध्येच दिलेलं नाव लागते, क्लॅरियस मागुर. फरक डोक्यामागच्या हाडाच्या टोकात दिसतो. आपला मागुर आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या यादीत धोक्यात असलेला आहे, बिहारचा तो राज्यमासा आहे, आणि त्याचा पूर्ण जीनोम २०२१ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. एवढं सगळं झालं तरी डेटाबेसमध्ये भारतातल्या मांगूरचे कितीतरी सीक्वेन्स जुन्याच नावानं पडून आहेत.

का पडून आहेत? कारण जीनबँक, म्हणजे जगभरच्या डीएनए नोंदींचा तो सार्वजनिक डेटाबेस, हा आपला सातबारा आहे. ज्यानं नोंद केली त्यानं जे नाव सांगितलं ते चढलं, जागेवर जाऊन मासा कोणी पाहिला नाही, आणि चूक दिसली तरी दुसऱ्याला दुरुस्त करता येत नाही, मूळ नोंद करणाऱ्यानंच अर्ज करावा लागतो, तो तं कधीचाच नोकरी सोडून गेलेला. कॉम्प्युटर बिचारा फक्त एवढंच सांगतो की तुमचा तुकडा या नोंदीशी जुळला. नोंद बरोबर की चूक हे तो सांगत नाही. नव्याण्णव टक्के, शंभर टक्के हे आकडे बघून पोरं खुश होतात, पण ते टक्के अक्षरांचे असतात, नावाच्या खरेपणाचे नसतात.

आणि गंमत म्हणजे गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीतही मांगूरसमोर तेच जुनं नाव छापलेलं. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही पाहिजे, पण हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा धावपळ झाली आणि नोंदवह्या घाईघाईनं भरल्या गेल्या. या गावची मी स्वतः चाळली. माशांची यादी आहे, सुबक टाइप केलेली, पण तलावावर रोज जाणाऱ्या बाया जी नावं घेतात त्यातली निम्मी त्यात नाहीत.

मासा हातात घेतल्याशिवाय

ताईनं वरिष्ठांकडून थोडा वेळ मागून घेतला. वेळ मिळाला, पण नाखुशीनं, आणि वेगळा पैसा नाही. मग ती आमच्या कॉलेजात आली. सर, मला मासे ओळखणारी माणसं आणि बरण्या पाहिजेत म्हणाली. बरण्या होत्या, लग्नातल्या फरसाणाच्या, प्रयोगशाळेत आम्ही त्याच वापरतो. माणसं तलावावर होती.

संस्थेच्या अध्यक्षांना आधी सगळं खरं सांगायचं ठरलं. यादीत असं असं आलं आहे, खरं की खोटं माहीत नाही, तपासायला तुमचेच मासे लागतील. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "ताई, निंगाला तं निंगाला, लपवू नोका. पण नसल तं आमच्या नावावर टाकू नोका." ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचा ठराव घेतला, समितीला आपण आहोत हेच बऱ्याच दिवसांनी कळलं असं एक सदस्य म्हणाले. सही-शिक्का मिळाला.

मांगूर जाळ्यात सहज येत नाही. गाळात घुसून बसतो, हवेतला श्वास घेतो, उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात हात घालून धरतात, आणि पहिल्या पावसात पाण्याच्या धारेला लागून वर बांध्यांमध्ये अंडी द्यायला चढतो. त्याच्या बाजूच्या पराला काटा असतो, लागला तं हात ठणकतो. एक वयस्कर मावशी होत्या, जन्म तलावावर गेलेला, त्यांनी ताईला पहिला मासा धरायला शिकवला. अंगठा आणि बोट काट्याच्या मागून घालायचं, डोकं मुठीत, शेपटी मोकळी. ताईनं धरला, निसटला, परत धरला. मावशी म्हणाल्या, "एवढी शिकली अन् मांगूर धरता येत नाही वं माय." मग स्वतःच सांगायला लागल्या, आपला मांगूर हाताएवढा, डोकं लहान, अंग काळपट-तांबूस. तो बाजारातला आणला तं घमेल्यात मावत नाही आणि रांधला तं चरबीच चरबी. "डोळे बांधून द्या, हात लावून सांगतो." आमच्या इकडं बाया पण सांगतो, जातो असंच बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटते.

पुढचं काम असं. मासा ट्रेमध्ये, बाजूला पट्टी, फोटो. कात्री ब्लीचनं आणि स्पिरिटनं पुसून पराचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि नंतर कोणता तुकडा कोणाचा हे देवालाही सांगता येत नाही. पराचा तुकडा आधी आणि मगच मासा फॉर्मलिनमध्ये, फॉर्मलिन डीएनएची वाट लावते. मासे बरणीत, बरणीला नंबर, नंबर रजिस्टरमध्ये, रजिस्टरमध्ये धरणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं नाव. याला व्हाउचर म्हणतात. उद्या कोणी म्हटलं तुमचं नाव चुकलं, तं बरणी काढून हाड पाहता येते. बायोइन्फॉर्मेटिक्सच्या पुस्तकात याला दोन ओळी असतात, ताईचा इथं अख्खा मोसम गेला. मांगूरच नाही, जो जो मासा आला तो प्रत्येक असाच नोंदवला, एकदा बसलोच आहोत तं मग अर्धवट कशाला.

या तुकड्यांतून १२एस तर वाचलाच, शिवाय सीओआय जीनही वाचला. प्राण्यांच्या जाती ओळखायला २००३ मध्ये कॅनडाच्या पॉल हेबर्टनं जो बारकोड सुचवला तो हाच, साधारण ६५० अक्षरांचा. तलावातून हातात आलेले सगळे मांगूर हाडानंही मागुर आणि डीएनएनंही मागुर. यादीतल्या 'बॅट्रॅकस'चा तुकडा त्यांच्याशी तंतोतंत जुळला. म्हणजे जावाचा मासा आमच्या तलावात कधी नव्हताच, आमचाच मासा परक्या नावानं यादीत आला होता.

गॅरिपिनस मात्र एकही सापडला नाही, संस्थेनं जाळी लावली, गाळ चाळला, नाही. पण त्याचा डीएनए तं होता.

इथं बोंबील कामी आला. बोंबील गावात कुठून येतो? आठवडी बाजारातून, सुकट-बोंबलाची पाल लागते, आमच्या पूर्व विदर्भात बोंबील खाणारे काही कमी नाहीत. भांडी कुठं घासतात? त्याच घाटावर. आणि बाहेरगावचे मासळीवाले बाजार उठल्यावर टब, सुरी, पाटी कुठं धुतात? घाटाच्या वरच्या अंगाला नाल्यावर, जो तलावात उतरतो. ताईनं परत सॅम्पल घेतले, बाजाराच्या आदल्या दिवशी आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, घाटावर, मधल्या पाण्यात आणि पाळीजवळ. कोमट उथळ पाण्यातला डीएनए काही कायमचा टिकत नाही, दिवसांत विरतो, त्याचाच फायदा घेतला. बाजारानंतर घाटावर बोंबील आणि गॅरिपिनस दोघं हातात हात घालून हजर, बाजाराआधी दोघंही जवळपास गायब. मधल्या पाण्यात आणि पाळीजवळ दोन्ही वेळा नाहीत, आणि मागुर मात्र सगळीकडे, दोन्ही वेळा.

बाजारात जाऊन पाहिलं तं थाई मांगूर उघड्यावर विकून राह्यले होते. जिवंत. तो कुठून येतो हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही.

रिपोर्टात काय लिहिलं

ताईनं लिहिलेला परिच्छेद मी वाचला आहे, आणि तो मी आता वर्गात वाचून दाखवतो. त्यात म्हटलं आहे की घाटाच्या सॅम्पलमध्ये आफ्रिकन मांगूरचा डीएनए मिळाला, तो समुद्री माशाच्या डीएनएसोबत आणि बाजाराच्या दिवसाला धरून वरखाली होतो, त्यामुळे तो धुण्याच्या पाण्यातून आलेला असण्याची शक्यता जास्त. जिवंत मासा मिळाला नाही. पण मिळाला नाही म्हणजे नाहीच असंही यातून सिद्ध होत नाही. देशी मांगूरची ओळख नमुन्यांवरून पक्की केली. आणि बोंबील यादीत ठेवला! तळटीप देऊन ठेवला. काढला असता तं वाचणाऱ्याला बाकीचं पटलंच नसतं.

वरिष्ठ नाराज झाले. 'पहिली नोंद' गेली, उरलं ते शक्यता-बिक्यता. एका तलावाच्या बरण्यांचा पेपर कोणत्या मोठ्या जर्नलला पाहिजे? दरम्यान कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि वाढवलं नाही. याच कारणानं नाही वाढवलं असं मी म्हणणार नाही, प्रोजेक्टचा पैसाच संपला होता, पण हातात भडक पेपर असता तं पुढचा पैसा लवकर आला असता हेही तितकंच खरं. बायोडेटात कुपीतला पराचा तुकडा लिहायला रकानाच नसतो. ती काही महिने घरून कोडिंगची कामं करत होती, कुण्या औषध कंपनीचा डेटा, पैसा चांगला, मन नाही. आई-वडिलांना तं आजही समजत नाही की पोरगी बाहेरदेशाहून येऊन चिखलात मासे कशाला मोजते, धानाच्या पैशावर शिकवलं ते याच्यासाठी काय, असं एकदा वडील माझ्यासमोरच बोलले आणि मला उत्तर सुचलं नाही.

सीक्वेन्स तिनं सार्वजनिक केले. जीनबँकमध्ये नोंद करताना नमुना कोणी गोळा केला आणि कोणी ओळखला असे दोन रकाने असतात, बहुतेक लोक कोरे सोडतात किंवा स्वतःचं नाव टाकतात. तिनं मावशीला विचारून मावशीचं नाव टाकलं आणि सोबत ज्या मत्स्यतज्ज्ञानं हाड तपासलं त्यांचंही. २०२२ पासून फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झालंय, आता आपल्या देशातला डेटा तिथं ठेवायची सोय आहे, पुढचे सीक्वेन्स तिकडं द्यायचं चाललंय. या संदर्भ-संग्रहाचा फायदा असा की आता कोणीही, कुठंही, मामा तलावाचं पाणी गाळून वाचलं तं त्यांना जुळायला जवळची, हातात धरून ओळखलेली नोंद आहे. दुसऱ्या एका संस्थेनं शेजारच्या तालुक्यातल्या सॅम्पलसाठी ती वापरली आणि त्यातूनच ताईला पुढचं काम मिळालं. तेही कॉन्ट्रॅक्टवरच.

गावानं काय केलं? ग्रामसभेत ठराव झाला, बाजारातल्या मासळीवाल्यांनी नाल्यावर धुवायचं नाही. किती पाळला जातो ते विचारू नका. नोंदवहीतली माशांची यादी मात्र बायांच्या दोन बैठका घेऊन नव्यानं लिहिली, आणि त्यात एका जागी खाडाखोड करून क्लॅरियस मागुर असं हातानं लिहिलेलं आहे.

एक गाठ सुटायची आहे. १२एस आणि सीओआय दोन्ही मायटोकॉन्ड्रियातले, आणि मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. म्हणजे देशी मादी आणि आफ्रिकन नर यांचं पिल्लू असलं तं या दोन्ही तपासण्यांत ते देशीच दिसणार. आतापर्यंतचे मासे हाडानंही देशी आहेत म्हणून बरीच खात्री आहे, पण पिढ्या पुढं सरकल्या की हाडही फसवू शकते. त्यासाठी केंद्रकातला जीन वाचावा लागतो, आरएजी-१ सारखा, आणि त्याच्यात दोन्हीकडची अक्षरं सोबत दिसतात का पाहायचं. पराचे तुकडे फ्रीजरमध्ये आहेत, आमच्या कॉलेजच्या, लाइन गेली की मी शिपायाला जनरेटरसाठी फोन करतो. संस्थेच्या अध्यक्षांनी यावेळी लेखी अट घातली आहे, निकाल काहीही येवो, पेपरच्या आधी आमच्या बैठकीत वाचून दाखवायचा. ताईनं सही केली आहे. तपासणीच्या पैशासाठी अर्ज गेलाय, पावसाळ्याआधी मंजूर झाला तं मांगूर बांध्यांत चढतो तेव्हाचे नमुनेही त्यात धरता येतील, नाहीतर पुढच्या सालावर.